वीस टन द्राक्षं आणि एक ग्रॅम

किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. २०१० चा द्राक्ष हंगाम संपत आला होता, तेव्हा नाशिक, सांगली, सोलापूरच्या बहुतेक बागायतदारांनी हा आकडा पहिल्यांदा ऐकला. तोवर त्यांचा माल समुद्रात होता, नाहीतर रॉटरडॅमच्या शीतगृहांत पोचलेला होता. क्लोरमेक्वाट क्लोराईड, ज्याला द्राक्षपट्ट्यात सगळे सीसीसी म्हणतात, त्याचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम, एवढीच ती मर्यादा. निर्यातीच्या मोठ्या कंटेनरमध्ये बारा-तेरा टन द्राक्षं बसतात. म्हणजे अख्ख्या कंटेनरमागे एक ग्रॅमसुद्धा नाही.

शेकडो कंटेनर अडकले. काही माल नष्ट झाला, काही पडेल भावात गेला. नुकसान शेकडो कोटींत मोजलं गेलं. निर्यातदारांचे पैसे बुडाले आणि त्यांच्यामागे शेतकऱ्यांचेही, कारण द्राक्षाच्या निर्यातीत बहुतेक वेळा माल आधी जातो आणि हिशेब तिकडची विक्री झाल्यावर होतो. खतं, औषधं, मजुरी, बँकेचं कर्ज हे सगळं मात्र आधीच झालेलं असतं.

‘आपल्या शेतकऱ्यांनी विषारी द्राक्षं पाठवली’ असं तेव्हा बरेच जण म्हणाले. ‘गोऱ्यांनी मुद्दाम अडवलं’ असं म्हणणारेही होते. दोन्ही म्हणणी चुकीची आहेत. खरं काय घडलं ते समजून घेतलं, तर श्रीमंत देशांचे फळ-आयातीचे नियम कसे चालतात आणि त्यांचा भार कुणाच्या खांद्यावर येतो, हे बऱ्यापैकी उलगडतं. म्हणून या प्रकरणावर जरा जास्त वेळ थांबतो.

सीसीसी हे कीटकनाशक नाही, वाढ रोखणारं औषध आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की वेल जोमानं फुटतो आणि सगळी ताकद शेंड्याकडे जाते. त्या वेळी फवारलं तर शेंडा थांबतो, काडी जाड होते आणि डोळ्यात घड तयार व्हायला मदत होते. पुढचा माल याच घडांवर अवलंबून. आपल्याकडे द्राक्षासाठी त्याची रीतसर नोंदणी होती, दुकानात ते उघड मिळत होतं आणि वर्षानुवर्षं वापरात होतं. फळ तर काढायचं पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यामुळे इतक्या महिन्यांत ते निघून जाईल असं कुणालाही वाटावं. पण सीसीसी वेलीच्या लाकडात साठून राहतं आणि तिथून हळूहळू फळात उतरतं.

आता त्या आकड्याकडे वळू. औषधाच्या अंशाची जी कमाल मर्यादा ठरते, तिला बागायतदार आणि निर्यातदार सरळ एमआरएल म्हणतात. एमआरएल ओलांडली की माणूस आजारी पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. ती तशी ठरत नाही. एखादं औषध एखाद्या पिकावर लेबलात सांगितल्याप्रमाणे, योग्य मात्रेत आणि योग्य वेळी फवारलं, तर काढणीच्या वेळी फळात जास्तीत जास्त किती उरेल, हे शेतावरच्या चाचण्यांतून काढतात. तेवढं खाल्लं तर धोका नाही ना, हे वेगळं तपासतात. दोन्ही जुळलं की तो आकडा मर्यादा म्हणून लिहिला जातो. म्हणजे ही मर्यादा मुळात शेतीच्या पद्धतीची आहे. धोक्याची रेषा बहुतेक वेळा तिच्या बरीच वर असते.

मग ज्या पिकावर ते औषध युरोपात कुणी वापरतच नाही, तिथे काय करतात? तिथे चाचण्या नसतात, आकडेवारी नसते. अशा वेळी यंत्राला जेमतेम दिसेल तेवढीच मर्यादा ठेवतात. २००८ पासून सगळ्या युरोपीय संघासाठी एकच यादी लागू झाली. ज्या औषधाची त्या यादीत मर्यादाच ठरवलेली नाही, त्याला आपोआप किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागू होतं, म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम. द्राक्षातल्या सीसीसीसाठी ०.०५ हा आकडा याच वाटेनं आला होता. तिकडचे द्राक्ष उत्पादक ते वापरत नव्हते, म्हणून मर्यादा तळाशी.

हेच सीसीसी युरोपातले शेतकरी गहू आणि बार्लीवर सर्रास फवारतात, ताट आखूड राहावं आणि वाऱ्यानं पीक लोळू नये म्हणून. त्यामुळे गव्हासाठी मर्यादा किलोमागे पूर्ण मिलिग्रॅममध्ये होती आणि द्राक्षासाठी एका मिलिग्रॅमच्या विसाव्या हिश्शावर. औषध तेच आणि खाणारा माणूसही तोच.

याहून मनाला लागणारी गोष्ट नाशपातीची आहे. युरोपात एके काळी नाशपातीच्या झाडांवर सीसीसी वापरत. पुढे तो वापर बंद झाला, पण झाडांच्या लाकडात साठलेलं सीसीसी त्यानंतरही काही वर्षं फळात उतरत राहिलं. आपल्या वेलींचं झालं तेच. तेव्हा युरोपनं नाशपातीची मर्यादा एकदम खाली आणली नाही. तात्पुरती जास्त मर्यादा दिली आणि ती टप्प्याटप्प्यानं उतरवली, झाडं स्वच्छ होईपर्यंत. हा निर्णय शहाणपणाचाच होता. त्या बागायतदारांच्या संघटना होत्या, त्यांची सरकारं त्या टेबलावर बसलेली होती, म्हणून त्यांची अडचण वेळेवर ऐकली गेली. दिंडोरीच्या किंवा तासगावच्या बागायतदाराला तीन हंगामांची मुदत मिळाली असती, तर त्यानंही सीसीसी सोडून दिलं असतं. त्याला तीन आठवड्यांचीही मिळाली नाही. नियम वाईट हेतूनं लिहिला होता असं मी म्हणणार नाही. तो लिहिला जात असताना खोलीत आपलं कुणी नव्हतं, एवढं मात्र नक्की म्हणेन.

बाहेरच्या देशातून येणाऱ्या मालासाठी वेगळी, जास्त मर्यादा मागण्याची सोय युरोपच्या कायद्यात आहे. त्यासाठी शेतावरच्या चाचण्या, विषशास्त्राचे अहवाल, प्रयोगशाळेची पद्धत असा मोठा दस्तऐवज सादर करावा लागतो आणि त्याला बराच पैसा आणि काही वर्षं लागतात. औषध नवं असेल, पेटंट असेल, तर कंपनी हा खर्च करते, कारण तिला विक्री वाढवायची असते. सीसीसीसारखं जुनं औषध अनेक कंपन्या बनवतात. त्यासाठी खर्च करणार कोण? एका कंपनीनं केला तर फायदा सगळ्यांना. म्हणून कुणीच करत नाही. गरीब देशांतली छोटी पिकं आणि जुनी औषधं या फटीत सापडतात.

पण नाण्याची दुसरी बाजूही मांडायला हवी. प्रत्येक मर्यादा अशीच निव्वळ आकडेवारीअभावी खाली गेलेली नसते. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचं घ्या. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो अशी गंभीर शंका पुराव्यांतून पुढे आली. युरोपनं २०२० च्या सुरुवातीला त्याचा परवाना संपवला आणि त्याच वर्षी मर्यादा ०.०१ वर आणली. हा नियम योग्यच आहे. तो आपल्या शेतकऱ्याला जड गेला तरी योग्य आहे, कारण ते औषध पाठीवरच्या पंपानं फवारणारा माणूस आपलाच आहे. अडचण अशी की प्रयोगशाळेच्या अहवालात सीसीसी आणि क्लोरपायरिफॉस दोन्ही सारखेच दिसतात. आकडा मर्यादेच्या वर, शेरा ‘नापास’. धोक्यामुळे आलेली मर्यादा कोणती आणि माहिती नसल्यामुळे आलेली कोणती, हे त्या कागदावरून कळत नाही.

तपासणीची साखळी

आपल्याकडे काहीच व्यवस्था नव्हती असं समजू नका. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश जास्त सापडले, तेव्हाच पहिला धक्का बसला होता. युरोपात अशा बाबींसाठी सूचनायंत्रणा आहे. एका बंदरात काही सापडलं की सगळ्या सदस्य देशांना लगेच कळतं आणि त्या देशाच्या मालावर सगळीकडे नजर कडक होते. एकाच्या प्लॉटमधली चूक हजारोंना भोवते ती अशी. त्यानंतर अपेडा, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था, आणि पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी मिळून औषध-अंश तपासणीची योजना उभी केली आणि काही वर्षांत ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय नोंदणी सुरू झाली. फळांच्या बाबतीत देशात इतकी बारीक मागोवा-व्यवस्था त्याआधी नव्हती.

ती चालते कशी ते पाहा. युरोपला माल पाठवायचा असेल तर बागायतदार आपला प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवतो आणि प्लॉटला क्रमांक मिळतो. छाटणीपासून प्रत्येक फवारणी वहीत लिहायची: तारीख, औषध, मात्रा, कारण. मणी भरत आले, साखर उतरली की मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येतो. तो बांधावरचे चार घड तोडून निघून जात नाही. ओळींमधून आडवा-तिडवा फिरतो. एक घड वरून, एक खालून, एक उन्हातला, एक सावलीतला असे घड जमवतो आणि पिशवी बागायतदारासमोर सील करतो. नमुन्याचा एक भाग तपासायला जातो, एक राखून ठेवतात, उद्या वाद झाला तर हाताशी असावा म्हणून. अहवाल येईपर्यंत घरातलं कुणी धड झोपत नाही. पास झाला तर त्या प्लॉटचा माल पॅकहाऊसला जातो, आणि पनेटवरच्या, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डबीवरच्या, क्रमांकावरून जर्मनीतल्या दुकानातून थेट त्या बागेपर्यंत मागे येता येतं.

२०१० मध्ये ही साखळी उभी होती आणि तरीही सीसीसी निसटलं, कारण ते तपासायच्या यादीतच नव्हतं. शेकडो औषधं एकाच वेळी शोधणारी जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यात सीसीसी पकडलंच जात नाही. त्याची रासायनिक घडण वेगळी असल्यामुळे चाचणीही स्वतंत्र लागते. तिकडच्या एका प्रयोगशाळेनं ती केली आणि इकडची ‘पास’ची प्रमाणपत्रं कुचकामी ठरली. ज्यानं सगळे नियम पाळले, वही लिहिली, फी भरली, अहवाल मिळवला, त्याचाही माल अडला. पुढच्या हंगामात निर्यात घटली. नंतर यादी वाढत गेली, प्रयोगशाळा सुधारल्या, बागायतदार कमालीचे सावध झाले. काही वर्षांत निर्यात पहिल्यापेक्षाही पुढे गेली. याचं श्रेय निर्विवादपणे बागायतदारांचं आणि मांजरीच्या शास्त्रज्ञांचं आहे.

मात्र या सावधपणाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. वही लिहिणं, नमुना तपासणं, औषधांसाठी वेगळी खोली, मजुरांसाठी संडास आणि हात धुण्याची सोय, प्रमाणपत्राचं वार्षिक शुल्क हे खर्च दोन एकराला आणि वीस एकराला जवळजवळ तेवढेच. त्यामुळे एकरी भार लहान शेतकऱ्यावर कितीतरी जास्त. जिथे शेतकरी कंपनी किंवा सहकारी संस्था आहे, तिथे गट करून एकच प्रमाणपत्र घेता येतं आणि हा भार वाटला जातो. नाशिकमध्ये हे जमलं, कारण द्राक्ष बागायतदार संघासारखी जुनी संघटना पाठीशी होती आणि चर्चासत्रांना गर्दी करणारे शेतकरी होते. जिथे ही परंपरा नाही, तिथला लहान उत्पादक गुपचूप बाहेर पडतो. त्याच्या बाहेर पडण्याची बातमी कुठे येत नाही.

सरकारी मर्यादेच्या वर आणखी एक पायरी असते, ती सुपरमार्केटची. जर्मनीतल्या काही मोठ्या साखळ्या म्हणतात, सरकारी एमआरएल असेल ती असो, आम्हाला तिच्या एक तृतीयांशच अंश चालेल, आणि एका नमुन्यात चार-पाचपेक्षा जास्त औषधं दिसता कामा नयेत. ही अट कुठल्या कायद्यात नाही. आणि जी गोष्ट कायद्यात नाही, तिच्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागणं अवघड, कारण तिथले करार सरकारांमधले आहेत. २००५ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स या चिमुकल्या देशानं हा प्रश्न जिनिव्हाच्या समितीत उभा केला. त्यांच्या केळी उत्पादकांना ब्रिटिश बाजारात माल विकायला युरोपच्या व्यापाऱ्यांनी ठरवलेलं खासगी प्रमाणपत्र सक्तीचं झालं होतं, तेच आज ग्लोबल गॅप या नावानं आपल्याकडेही भिंतींवर फ्रेममध्ये दिसतं. त्यानंतर या विषयावर वर्षानुवर्षं चर्चा झाली. प्रमाणपत्र जिथल्या तिथे आहे.

कीड, आणि किडीचं निमित्त

इथपर्यंत औषधाचं झालं. फळांच्या आयातीतला दुसरा मोठा अडसर किडीचा. हा नियम मुळात अगदी रास्त आहे. आंब्यातून एखादी फळमाशी परदेशात पोचली आणि तिथे तिला शत्रू नसला, तर तिथल्या बागा उजाड होऊ शकतात.

१ मे २०१४ पासून युरोपीय संघानं भारताचा आंबा बंद केला, त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. आदल्या वर्षी भारतातून आलेल्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. ऐन हापूसच्या हंगामात हे झालं. लंडनच्या दुकानांतून हापूसच्या पेट्या गायब झाल्या, तिथल्या मराठी आणि गुजराती कुटुंबांनी आरडाओरडा केला, ब्रिटिश संसदेपर्यंत विषय गेला. बंदी देशभरासाठी होती. देवगडच्या ज्या बागायतदाराच्या आंब्यात कधी माशी निघाली नव्हती, त्यालाही ती तितकीच लागू. तपासणी सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली, भाज्यांना मात्र आणखी थांबावं लागलं.

गंमत पाहा, एकाच फळाला किडीसाठी तीन बाजारांचे तीन वेगळे सोपस्कार आहेत. युरोपसाठी आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचा. जपानला तो वाफेच्या उष्णतेनं असा तापवून हवा की गर ४७.५ अंशांवर वीस मिनिटं राहील. अमेरिकेला गॅमा किरणांची विकिरण प्रक्रिया हवी, किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक). ही प्रक्रिया लासलगावच्या केंद्रात २००७ मध्ये सुरू झाली आणि बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर त्याच वर्षी अमेरिकेत भारतीय आंबा पुन्हा पोचला. पुढे वाशीलाही केंद्र झालं. तिथे अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक स्वतः हजर राहतो आणि त्याच्या येण्या-राहण्याचा खर्च आपल्या बाजूनं भरावा लागतो. हापूसची साल पातळ, गरम पाण्यानं ती डागाळते अशी बागायतदारांची तक्रार आहे. ती खरी आहे.

मे २०२५ मध्ये आंब्याच्या किमान पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा विमानतळांवर अडवल्या गेल्या. आंब्यात कीड सापडली नव्हती. विकिरण झाल्याची जी नोंद कागदावर असायला हवी, तिच्यात त्रुटी होती. परत न्या किंवा नष्ट करा, असे दोन पर्याय मिळाले. विमानाचं परतीचं भाडं आणि आंब्याचं आयुष्य यांचा मेळ बसत नाही, म्हणून माल नष्ट झाला. कागदाच्या चुकीची शिक्षा फळाला झाली, हे मला अजूनही पटत नाही.

किडीचा नियम खरोखर किडीसाठी आहे की घरच्या उत्पादकाला वाचवण्यासाठी, हे ओळखणं अवघड असतं. अर्जेंटिनाचा तुकुमान प्रांत लिंबासाठी जगात नावाजलेला. अमेरिकेनं २००० मध्ये त्यांची लिंबं येऊ दिली, तर कॅलिफोर्नियाचे उत्पादक न्यायालयात गेले आणि २००१ मध्ये दार पुन्हा बंद झालं. ते उघडायला जवळपास सोळा वर्षं गेली. मेक्सिकोच्या अवोकाडोवर अमेरिकेत १९१४ मध्ये बंदी आली आणि १९९७ पर्यंत राहिली. मग आधी फक्त ईशान्येकडची राज्यं, तीही हिवाळ्यात, असं करत करत दहा वर्षांनी बाजार पूर्ण खुला झाला. ऑस्ट्रेलियानं तर शेजारच्या न्यूझीलंडची सफरचंदं १९२१ पासून रोखली होती. न्यूझीलंडनं खटला लढवला आणि २०१० मध्ये जिंकला. न्यूझीलंडकडे वकील होते, शास्त्रज्ञ होते आणि वाट पाहण्याची ताकद होती. २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेची संत्री जहाजात असतानाच युरोपनं शीतप्रक्रियेचा नवा नियम लागू केला आणि माल बंदरांत अडकला. पतंगाची एक अळी हे कारण. दक्षिण आफ्रिकेचं म्हणणं, आमची स्वतःची पद्धत तितकीच परिणामकारक आहे आणि हा नियम स्पेनच्या बागायतदारांच्या दबावाखाली आला. तो वाद व्यापार संघटनेत गेला.

या सगळ्याला एक कायदा आहे. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबर अन्नसुरक्षा आणि किडी-रोगांबाबतचा करार लागू झाला. प्रत्येक देशाला आपली माणसं, जनावरं, पिकं वाचवण्याचा हक्क आहे, पण नियमाला शास्त्रीय आधार हवा आणि गरजेपेक्षा जास्त अडवणूक नको, हे त्याचं सार. देशाचा जो भाग कीडमुक्त आहे तिथला माल वेगळा धरावा, दुसऱ्या देशाची पद्धत वेगळी पण तितकीच परिणामकारक असेल तर ती मान्य करावी, गरीब देशांना वेळ आणि मदत द्यावी, हेही त्यात लिहिलंय. नवा नियम आणण्याआधी तो कळवायचा आणि हरकतींसाठी साधारण साठ दिवस द्यायचे, अशी रीत आहे. अशा सूचना वर्षाला शेकडोंनी येतात. त्या वाचून, आपल्या कुठल्या पिकाला काय लागतंय हे ओळखून, चाचण्यांचे आकडे जोडून वेळेत उत्तर द्यायला तरबेज माणसं लागतात. नाशपातीवाल्यांकडे ती होती. सेंट व्हिन्सेंटसारख्या देशाकडे किती असणार? शिवाय भांडण न्यायनिवाड्यापर्यंत नेलं तरी २०१९ च्या डिसेंबरपासून संघटनेचं अपील मंडळ बंद पडलंय. निकाल लागला तरी हरलेला देश अपील करून तो अधांतरी ठेवू शकतो.

आयात शुल्काचं काय, असं कुणी विचारेल. तो भाग तुलनेनं सोपा आहे. युरोपात भारतीय द्राक्षांना ८ टक्के शुल्क लागत आलंय, तर चिली, पेरू आणि दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षांना त्यांच्या करारांमुळे शून्य. शुल्काचा मार किती बसू शकतो हे वरूड-मोर्शीच्या संत्रा उत्पादकाला विचारा. बांगलादेश हा त्याचा सगळ्यात मोठा परदेशी बाजार. तिथे २०१९ मध्ये किलोला २० रुपयांच्या आसपास असलेलं शुल्क वाढत वाढत २०२३ च्या अखेरीस ८८ रुपयांवर गेलं. संत्री देशातच साठली, भाव पडले आणि राज्य सरकारला निर्यातीसाठी अनुदान जाहीर करावं लागलं. आणि आपणही हेच करतो. काश्मीर आणि हिमाचलच्या बागायतदारांसाठी परदेशी सफरचंदावर भारत ५० टक्के शुल्क घेतो. २०२३ मध्ये किलोला ५० रुपयांपेक्षा स्वस्त सफरचंद आणायलाच मनाई केली. चीनची सफरचंदं २०१७ मध्ये किडीच्या कारणानं बंद केली. काश्मीरमधल्या सोपोरच्या सफरचंदवाल्याच्या जागेवरून पाहिलं तर हे बरोबरच वाटतं. स्पेनच्या संत्रावाल्यालाही त्याच्या जागेवरून तसंच वाटत असणार.

तरीही शुल्क एक वेळ परवडलं, असं मी म्हणेन. ते जाहीर असतं. माल भरण्याआधी हिशेब मांडता येतो, परवडत नसेल तर पाठवायचा नाही. औषधाची मर्यादा आणि किडीचा कागद यांचा निकाल मात्र माल तिकडे पोचल्यावर लागतो. तोवर परतीची वाट बंद झालेली असते. म्हणून बागायतदारानं निर्यातदाराशी भावाची बोलणी करतानाच विचारून घ्यावं की बंदरात माल नाकारला गेला तर तोटा कुणाचा, आणि उत्तर लेखी घ्यावं. आपल्याकडे हे बोलायला संकोच वाटतो. २०१० मध्ये तो संकोच फार महाग पडला.

आणखी एक गोष्ट मला सतत सलते. एकाच गावात निर्यातीचा प्लॉट असतो आणि बांधापलीकडे ‘लोकल’चा. पहिल्याच्या घडांची दोनशेच्या घरात औषधांसाठी तपासणी होते. दुसऱ्याचा माल क्रेटमध्ये भरून मुंबई, कोलकाता, दिल्लीला जातो आणि तो बहुधा कुणीही तपासत नाही. आपल्या देशातही मर्यादा ठरवलेल्या आहेत, त्या कागदावर बऱ्याच कडकही आहेत. पण नाशिकमधलं लेकरू जे द्राक्ष खातं त्याचा अहवाल कुठेच नसतो, हॅम्बुर्गमधल्या लेकराचा असतो. युरोपच्या नियमांमुळे आपल्याकडे प्रयोगशाळा, नोंदवह्या आणि फवारणीची शिस्त आली. ती देशी बाजाराला लावायची म्हटलं तर खर्च कुणी करायचा हा प्रश्न आहेच, पण तो शेतकऱ्याच्या एकट्याच्या माथी मारून सुटणार नाही. बाजार समित्यांचा सेस, ग्राहकाचे दोन रुपये, सरकारची प्रयोगशाळा असे तिन्ही हात त्याला लागतील.

सध्या बागायतदारांचं लक्ष मॅन्कोझेब या बुरशीनाशकाकडे आहे. डाउनीवर, म्हणजे केवड्यावर, ते वर्षानुवर्षं वापरलं जातंय. स्वस्त आहे, आणि बुरशीला त्याची सवय सहसा होत नाही म्हणून भरवशाचंही. युरोपनं २०२० च्या अखेरीस त्याच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं, कारण प्रजनन आणि संप्रेरकांवर त्याचे परिणाम होतात. परवाना गेला की काही काळानं आयात मालावरची मर्यादाही उतरते, असा आजवरचा अनुभव आहे. द्राक्षासाठी ती एकदम तळाला जाणार की नाशपातीसारखी पायऱ्यांनी उतरणार, हे आपल्याकडून वेळेत काय आकडे जातात यावर बरंचसं अवलंबून राहील. दरम्यान बागायतदारानं आपल्यापुरतं एवढं करावं: ऑक्टोबरच्या छाटणीआधी मांजरीच्या केंद्राची त्या हंगामाची नवी यादी मिळवावी, गेल्या वर्षीच्या यादीवर विसंबू नये, आणि दुकानदारानं ‘हे चालतं’ म्हटलं तरी बाटलीवरचा घटक त्या यादीशी ताडून मगच पैसे द्यावेत.